घरी कुणीतरी असतंच

१९ जानेवारी

आज रक्षिता मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं, दार लोटून घेतलं आणि चहा मागवला. तोरेहळ्ळी नगरसभेत मी इतकी वर्षं कंत्राटावर कायदा सहायक आहे, पण केबिनमधला चहा आजच मिळाला. मॅडम माझ्याहून बऱ्याच लहान. परीक्षा देऊन थेट मुख्याधिकारी होऊन आलेल्या. बोलणं मात्र गोड.

येत्या अंदाजपत्रकात बऱ्याच गोष्टींना कात्री लागणार आहे. त्यात दिव्यांगांचं दिवसकेंद्र आणि त्याची व्हॅन आहे. "वरून सांगितलंय, कमी करा," मॅडम म्हणाल्या. "पण दिव्यांग हक्क कायदा आडवा येतो. कलम तीन." (ऑफिसात सगळं कन्नडमध्येच चालतं. मी इथे मराठीत लिहिते. बाबांनी शिकवलेली अक्षरं कुठेतरी वापरायला हवीत.)

कलम मला पाठ आहे. अपंगत्वापायी कुणाला वेगळं वागवता येत नाही. वागवलंच, तर एखादं न्याय्य उद्दिष्ट साधण्याचा तो प्रमाणशीर मार्ग होता हे दाखवावं लागतं. नुसतं 'तिजोरीत नाही' म्हणून भागत नाही. कात्री लावण्याआधी ती कुणाला किती लागेल ते पाहिलं होतं, असं कागदावर हवं. तो कागद मी लिहायचा.

मी म्हणाले, "मॅडम, माझा धाकटा भाऊ त्याच केंद्रात जातो."

"म्हणून तर तुम्ही. दुसऱ्या कुणी लिहिलं तर कोरडं होईल. तुम्हाला आतलं माहीत आहे."

मी उठले तेव्हा म्हणाल्या, "मार्चअखेर तुमचं कंत्राट संपतंय ना, कस्तुरी मॅडम? माझं लक्ष आहे."

बसमध्ये उभ्याने आले, पण थकवा जाणवला नाही. केंद्राचं जेवढं वाचवता येईल तेवढं मी आत बसून वाचवीन. बाहेर उभं राहून ओरडण्यापेक्षा ते बरं.

२५ जानेवारी

रविवार. नंदूला केंद्राची सुट्टी नको असते. सकाळपासून तो खिडकीशी उभा होता, कोपऱ्यावर व्हॅन वळेल म्हणून. चाळिशी ओलांडली त्याने, पण रविवार काही समजत नाही. केंद्रात ते मिठाईचे खोके घडी घालून उभे करतात. कुठल्याशा मिठाईवाल्याकडून सपाट पुठ्ठे येतात आणि नंदू त्यांचे डबे करतो. केंद्रातल्या शिवलीला अक्का म्हणतात, त्याच्याइतका काटकोन कुणाचाच येत नाही. संध्याकाळी घरी आला की तो त्याच्या मराठी-कन्नड खिचडीत सगळा दिवस सांगतो. कोण रडलं, कुणी डबा सांडला, अक्षराने त्याला किती वेळा 'हाय' केलं. अक्षरा म्हणजे शिवलीला अक्कांची मुलगी. तीही तिथेच असते.

आईने आज आमटीत दोनदा मीठ घातलं. परवा दूध करपलं होतं. नवी शेगडी तिच्या हाताला अजून बसलेली नाही. मी म्हटलं, जुनीच काढू या का, तर चिडली. "मी करते ना सगळं? तू ऑफिसचं बघ."

२९ जानेवारी

कामावरून केंद्रात गेले. एरवी नंदूला न्यायला जाते तेव्हा चप्पल काढून सरळ आत शिरते. आज दारात थांबले. शिवलीला अक्का केंद्र चालवतात. मुलीसाठी म्हणून आल्या आणि तिथल्याच झाल्या. त्यांनी माझ्या गळ्यातलं ओळखपत्र पाहिलं.

"आज कोण आलंय? नंदूची अक्का की नगरसभा?"

"दोन्ही," मी हसून म्हटलं.

त्या हसल्या नाहीत. "बसायला खुर्ची एकच आहे."

मी सगळं सांगितलं. अजून काही ठरलेलं नाही, मी चांगलंच लिहीन. त्यांनी एकच विचारलं, "घरच्यांना बोलवणार का? इथे चाळीस-पन्नास घरं आहेत. प्रत्येकाचं निराळं."

मी विचारते म्हणाले. तिथूनच फोन केला तर मॅडम म्हणाल्या, "नंतर घेऊ बैठक. आधी मसुदा तर होऊ दे. तुमच्याच घरावरून तुम्हाला कळत नाही का?"

तेही खरंच आहे म्हणा.

नंदूने आतून मला पाहिलं आणि नवा डबा उंच धरून दाखवला. सगळ्यांसमोर त्याला हात करायला मला संकोच वाटला. का, कोण जाणे.

४ फेब्रुवारी

टिपण पुरं झालं. पूर्ण बंद करण्याऐवजी आठवड्यातून दोन दिवस केंद्र, आणि व्हॅन तूर्त थांबवायची, असं मॅडमनी सुचवलं. मी भांडून 'प्रायोगिक तत्त्वावर' हे शब्द घालून घेतले. एप्रिलमध्ये फेरविचार होईल. म्हणजे माझ्यामुळे केंद्र वाचलं असंच म्हणायला हवं.

परिणामांच्या भागात अडले होते. दोन दिवस केंद्र, मग बाकीचे दिवस ही माणसं कुठे असतील? विचार करताना आमचंच घर डोळ्यांसमोर आलं. मी ऑफिसात, नंदू खिडकीशी, आई स्वयंपाकघरात. मग वाक्य सुचलं: 'बहुतेक लाभार्थींच्या घरी देखभालीसाठी कुटुंबातलं कुणीतरी असतंच; सबब होणारा त्रास मर्यादित स्वरूपाचा आहे.' मॅडमनी ते दोनदा वाचलं. म्हणाल्या, याच्याखाली लिहा, टिपण करणारी व्यक्ती स्वतः लाभार्थी कुटुंबातली आहे. लिहिलं. सही केली.

येताना आईसाठी चिक्कू घेतले. टिपणातलं ते वाक्य तिला सांगितलं आणि म्हटलं, "पुढच्या आठवड्यापासून नंदू तीन दिवस जास्त घरी राहील. जमेल ना?"

ती चिक्कू चाचपत होती. "न जमायला काय झालं? माझंच लेकरू आहे."

१८ फेब्रुवारी

सभेत सगळं मंजूर झालं, कुणी ब्र काढला नाही. गेल्या आठवड्यापासून नवी व्यवस्था चालू आहे.

आमच्याकडे तरी घडी बसली. मला धास्ती होती की नंदू खिडकीशी उभा राहून रडेल. आई म्हणते, अजिबात नाही, शहाण्यासारखा खोलीत बसतो. मी घरी येते तेव्हा तो खरंच शांत असतो. पूर्वीसारखी बडबड नाही. काही विचारलं तर भिंतीकडे बघतो. शिवलीला अक्कांनी इतकी वर्षं जे साधलं नाही ते आईने आठवड्यात साधलं, असं मनात येऊन गेलं.

त्याच्या बोटांच्या सांध्यांवर सालटं निघालंय. आई म्हणाली, खेळताना भिंतीला घासलं. हळद लावली.

जिन्यात खालच्या मजल्यावरच्या महानंदा अक्का भेटल्या. "दुपारी तुमच्याकडे कसली ठोकाठोकी चाललेली असते? स्वल्प हळू करा म्हणावं. माझं बीपी आहे." मी म्हटलं, आमच्याकडे नाही, वरच्या भाडेकरूंची असेल. तिथे आयटीतली मुलं राहतात. दिवसभर घरूनच काम करतात आणि काय काय आणून जोडत बसतात.

२४ फेब्रुवारी

शिवलीला अक्का आणि काही पालकांनी राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार केली आहे. म्हणणं असं की नगरसभेने कुणाला विचारलं नाही, घरं पाहिली नाहीत, पर्याय तपासले नाहीत. कात्री लावताना आधी आणि सगळ्यात जास्त ती दिव्यांगांनाच लावली.

मॅडम शांत होत्या. "आपल्याकडे टिपण आहे. आणि तुम्ही आहात. वकिलांबरोबर तुम्ही जायचं. लाभार्थीच्या बहिणीने उभं राहून सांगितलं की चाललंय, तर तक्रारीत राहिलं काय?"

टेबलावर माझ्या कंत्राटाच्या नूतनीकरणाचा कागद होता. त्यांनी तो झाकला नाही आणि पुढेही केला नाही.

मला शिवलीला अक्कांचा राग आला. निदान मला फोन तरी करायचा. मी काय परकी आहे?

२ मार्च

आजचं लिहून काढते.

दुपारी कणकण आली म्हणून रजा टाकून घरी आले. जिन्यातच आवाज ऐकू आला. ठक, ठक, ठक. मध्येच थांबायचा आणि पुन्हा सुरू व्हायचा. आवाज वरच्या मजल्यावरून येत नव्हता.

दार मी माझ्या किल्लीने उघडलं. आई बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसल्याबसल्या झोपली होती. नंदूच्या खोलीला बाहेरून नवा कोयंडा होता आणि त्यात कुलूप. कोयंडा दारावरच्या पडद्याआड येतो. मी रोज त्या पडद्याला हात लावते, पण संध्याकाळी कुलूप कधीच नसायचं. कोयंडा दिसला असता तरी मी काय समजले असते, देव जाणे.

"आई, किल्ली."

ती दचकून उठली. "कोण आहे?"

मी समोर उभी होते. उजेड होता. तरी तिने विचारलं, "कोण आहे?"

कमरेची किल्ली काढून तिला कुलपात घालता येईना. ती बोटाने भोक शोधत होती. मी किल्ली घेतली. नंदू दाराशी जमिनीवर बसला होता, कपडे ओले. सकाळी मी वाढलेलं उप्पीट दाराबाहेर तसंच झाकलेलं होतं. आई त्याला ते द्यायला विसरली होती. तो आत आहे हेच विसरली होती.

त्याला न्हाऊ घातलं, खाऊ घातलं. त्यानंतर आई बोलली. पहिल्याच आठवड्यात तो व्हॅन शोधायला म्हणून जिना उतरून रिंग रोडच्या दिशेने गेला. तिला धावता येईना, दिसेना. भाजीवाल्याने हाताला धरून परत आणला. त्याच दिवशी तिने त्याच भाजीवाल्याकडून कोयंडा बसवून घेतला.

"मला का नाही सांगितलंस? डोळ्यांचं तरी?"

"सांगून काय झालं असतं? तू नोकरी सोडली असतीस. मग खाणार काय आपण?" मग म्हणाली, "आणि तूच लिहून दिलंस ना ऑफिसात, घरी आई असते म्हणून? मला वाटलं, आता असायलाच हवं."

कुलूप तिने लावलं. घर मात्र मी दाखवलं होतं.

स्क्रू ड्रायव्हर शोधून कोयंडा काढला. दारात भोकं राहिली आहेत.

६ मार्च

रजा संपली. आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय, शिवाय पडद्याचंही काही आहे म्हणाले. शस्त्रक्रिया पुढच्या महिन्यात. तोवर तिच्या भरवशावर नंदू नाही, आणि नंदूच्या भरवशावर ती नाही.

एका संस्थेकडून बाई बोलावली. नंदूने किंचाळून ताट फेकलं, ती जेवणाआधीच गेली. महानंदा अक्कांनी मंगळवारी सांभाळला, पण त्यांना जिना होत नाही. आज त्याला ऑफिसात नेला. रेकॉर्ड रूममध्ये बसवून रिकामी पाकिटं दिली, तर घड्या घालत बसला. पण शिपायाने जाताना दार ओढून घेतलं आणि नंदूने असा आवाज काढला की सगळा मजला जमा झाला.

रक्षिता मॅडम आल्या. त्याच्याशी हसून बोलल्या, त्याला बिस्किट दिलं. मग बाजूला येऊन मला हळूच म्हणाल्या, "घरी कुणी नाही का आज? तुमच्या टिपणात तर..."

मी म्हटलं, "आई आजारी आहे."

नोकरी टिकवायची तर ते टिपण खरं ठरायला हवं. आणि ते खरं ठरलं तर नंदू घरी, आणि मग मी नोकरीला जाणार कशी? ही साधी बेरीज मी जानेवारीत का केली नाही? मला ती येत नव्हती असं नाही.

११ मार्च

मॅडमना सांगितलं. कुलपाचं नाही, धीर झाला नाही. एवढंच म्हटलं की ते वाक्य चुकीचं आहे, टिपणातून काढून टाकू या. सुनावणीआधी सुधारित टिपण देता येईल.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "टिपण सभेने मंजूर केलंय. आता बदललं तर अर्थ काय होतो? तुम्ही सभेला खोटी माहिती दिली. मी नाही. माझी सही फक्त 'पाहिले' याच्यावर आहे." आवाज चढला नाही. "मी तुमच्यासाठी सांगतेय. मलाही वरून आकडा येतो. इथे नाही कापलं तर दवाखान्याचं कापावं लागेल. मग तिथल्यांनी कुणाकडे जायचं?"

त्यांनाही रात्री झोप लागते की नाही, कोण जाणे.

"सोमवारी फक्त विचारलं तेवढंच बोला," त्या म्हणाल्या. "घरी कोण असतं? आई असते. हे खरं आहे ना?"

खरं आहे. तेच तर.

१६ मार्च

आज सुनावणी झाली.

नंदूला ठेवायला जागा नव्हती. आज केंद्राचा दिवस नव्हता. आईला महानंदा अक्कांकडे बसवलं आणि नंदूला घेऊन गेले. वकील ओशाळवाणं हसले. "याला कशाला आणलंत, मॅडम? आपल्या बाजूला बरं दिसत नाही."

व्हरांड्यात शिवलीला अक्का, अक्षरा आणि पाचसहा पालक उभे होते. मी नजर चुकवून पुढे जात होते, तेवढ्यात अक्षरा ओरडली, "नंदू! हाय!" त्याने महिन्यात पहिल्यांदा मान वर केली. शिवलीला अक्कांनी माझ्याकडे पाहिलं आणि हात पुढे केला. "दे इकडे. तुझं आत काम आहे."

म्हणजे आत गेल्यावर असं झालं: मी वकिलांशेजारी नगरसभेच्या बाकावर आणि नंदू समोर, तक्रारदारांच्या बाकावर, अक्षराचा हात धरून.

वकिलांनी मांडलं ते चोख मांडलं. कात्री सर्वच खात्यांना आहे, उद्दिष्ट न्याय्य आहे, केंद्र बंद नाही, परिणामांचा विचार आधीच लेखी झालेला आहे, तोही स्वतः लाभार्थी कुटुंबातल्या अधिकाऱ्याकडून. मग त्यांनी माझं वाक्य मोठ्याने वाचलं. दुसऱ्याच्या तोंडून ते फारच गुळगुळीत वाटलं.

शिवलीला अक्का थोडंच बोलल्या. "आमच्यातली एक आई धुणीभांडी करते, मुलाला बरोबर नेते, त्या घरच्या गॅलरीत बसवते. एका मुलीचे वडील रिक्षा चालवतात, ती मागच्या सीटवर असते. हे कुणी येऊन पाहिलं असतं तर दिसलं असतं. आम्ही दोन दिवस नाकारत नाही. तिजोरीत खरंच काही नसेल तर आम्हाला बसवून विचारा, काय कमी करायचं ते. आम्ही सांगू."

आयुक्त साहेब वयस्क आहेत, हळू बोलतात. त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "टिपण तुम्ही केलंत? किती घरं पाहिलीत?"

वकील म्हणाले, "साहेब, उपलब्ध माहितीच्या आधारे—"

"त्यांना विचारलं."

मी उभी राहिले. "एकही नाही, साहेब."

"मग 'बहुतेक लाभार्थी' कुठून आले?"

"माझ्या घरावरून लिहिलं."

"तुमच्या घरी कोण असतं?"

"आई."

"त्या सांभाळतात भावाला?"

इथे थांबता आलं असतं. हो म्हणायचं आणि खाली बसायचं, एवढंच काम होतं. वकिलांनी माझ्याकडे पाहून हलकेच मान डोलावली. समोर नंदू अक्षराच्या ओढणीची घडी घालत होता. कोपरा कोपऱ्याला जुळवत होता.

"नाही, साहेब," मी म्हटलं. "कुलूप सांभाळत होतं."

मग मी सगळं सांगितलं. कोयंडा, उप्पीट, आईचे डोळे. रडले नाही. कायदा सहायकाने निवेदन करावं तसं क्रमाने सांगितलं. शेवटी म्हटलं, "टिपणात प्रमाणशीर लिहिलंय. प्रमाण मी काढलंच नव्हतं."

वकील फाईल बांधत होते. बाहेर आल्यावर शिवलीला अक्कांनी नंदूच्या शर्टाचं वरचं बटण लावून दिलं.

१९ मार्च

उगादी. कडुनिंब आणि गूळ एकत्र करून सगळ्यांना दिला. नंदूने गूळ तेवढा निवडून खाल्ला.

आई तीन दिवस माझ्याशी बोलत नव्हती. महानंदा अक्कांकडून तिला कळलं. त्यांना कुणाकडून कळलं, माहीत नाही. आज ताटावर बसल्यावर म्हणाली, "चारचौघांत माझी अब्रू काढलीस."

"माझीही काढली, आई."

"तुला ऑफिस आहे. मला हे घरच आहे." मग ताटातला घास चिवडत, "तो आत मारायचा ना दारावर, तेव्हा मी देवाचं म्हणत बसायची. मोठ्याने. ऐकू येऊ नये म्हणून."

मी तिचा हात धरला. तिने सोडवून घेतला, पण लगेच नाही.

मॅडमचा निरोप आला: नूतनीकरण होणार नाही. खाली लिहिलं होतं, तुम्हाला आणि कुटुंबाला उगादीच्या शुभेच्छा.

२८ मार्च

आदेश आला. अंतरिम आहे. केंद्र पूर्वीसारखं आठवडाभर चालवा, व्हॅन चालू करा, आणि घरोघरी जाऊन, माणसांशी बोलून नव्याने परिणाम तपासा. तोवर काही कमी करायचं नाही. त्यानंतर काय, ते त्यानंतर.

शिवलीला अक्कांनी फोनवर वाचून दाखवला. मागे पालकांचा गलका ऐकू येत होता. मी आनंदाने 'सरी, सरी', बरं बरं, म्हणत होते. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की आता नंदू जाईल आणि मला जायला कुठेच नाही.

७ एप्रिल

माझ्या जागी एक मुलगी आली आहे. नागपूरला शिकून नुकतीच वकील झालेली. तिचा आज फोन आला. "मॅम, तुमची फाईल माझ्याकडे आलीये. कन्सल्टेशनचा भाग तुम्ही कुठल्या फॉरमॅटमध्ये केला होता? मॅडमना शुक्रवारपर्यंत हवंय."

म्हणजे पुन्हा टिपण होणार. या वेळी जास्त नीट होईल.

मी म्हटलं, "फॉरमॅट नाही. घरी जा. दुपारी जा. न सांगता जा."

"सगळ्यांकडे?"

"सगळ्यांकडे. आमच्याकडे पण ये."

"मॅम, टू-व्हीलर अलाउन्स मिळतो का त्याला?"

मी हसले. ती येईल की नाही, सांगता येत नाही. आवाज चांगला होता पोरीचा.

१० एप्रिल

हे कुणाला सांगितलेलं नाही. व्हॅन सोमवारपासून रोज येते आहे आणि नंदू रोज जात नाही.

सोमवारी मी त्याला लवकर तयार केलं. केस विंचरले, डबा दिला. हॉर्न वाजला. तो खिडकीशी गेलाच नाही. उठला, खोलीत गेला आणि दार लावून घेतलं. आतून कडी घातली. इतक्या वर्षांत त्याने ती कडी कधी लावली नव्हती. मला वाटायचं त्याला येत नाही.

पहिले दोन दिवस मी दाराबाहेरून समजावत राहिले. मग ओरडले. मग आईही ओरडली. व्हॅन गेल्यावर बऱ्याच वेळाने तो बाहेर येतो, जेवतो, पुन्हा आत जातो.

काल आई म्हणाली, "आतली कडीपण काढून टाक. मग कुठे जाईल?"

मी स्क्रू ड्रायव्हर घेऊन दारापाशी गेलेसुद्धा. बाहेरच्या कोयंड्याची भोकं तशीच आहेत, बुजवायची राहिलीत. तिथे उभी राहून विचार केला आणि परत आले.

"बाहेरची आपली होती," मी तिला म्हटलं. "ही त्याची आहे. राहू दे."

तिला पटलं नसावं. मलाही पुरतं पटलंय असं नाही. एखाद्या दिवशी आत काही झालं तर? पण या घरात त्याच्या हातात असलेली ही एकच गोष्ट आहे.

१३ एप्रिल

आज व्हॅनमधून शिवलीला अक्का आणि अक्षरा वर आल्या. अक्षराने दारावर थाप मारली तशी मी तिचा हात धरला. थापेची त्याला भीती वाटते. मग ती जमिनीवर बसली आणि दाराच्या खालच्या फटीतून एक सपाट पुठ्ठा आत सरकवला. मिठाईचा. काही नाही झालं. दुसरा सरकवला. शिवलीला अक्का आणि मी भिंतीला टेकून बसलो होतो. आई तिच्या खुर्चीत, डोळ्याला हिरवी पट्टी.

खाली हॉर्न वाजला. व्हॅनमध्ये बाकीचे बसलेले होते, त्यांना किती थांबवणार? अक्का उठल्या. अक्षरा उठेना, तिला ओढून न्यावं लागलं. जिन्यातून व्हॅनवाल्याने वर हाक मारली, "इवत्तु इल्लवा, नंदू अण्णा? सरी, नाळे बर्तीनि." आज नाही ना? बरं, उद्या येतो.

व्हॅन वळल्याचा आवाज ऐकला. मी डबा उघडून पोळ्या परत ताटात काढत होते.

आतून पुठ्ठा दुमडल्याचा आवाज आला. मग दुसरा. आईने मान तिरकी केली, तिला आताशा आधी ऐकू येतं.

"काय म्हणतोय तो?" तिने विचारलं.

मी दाराशी जाऊन कान लावला. तो स्वतःशीच म्हणत होता, हळू, न चुकता, एकामागून एक.

"नाळे. नाळे. नाळे."